पाल जेवत नाही, काय देऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

इंग्लंडमधल्या आमच्या घरात लेपर्ड गेको, म्हणजे पाळायची ठिपक्याठिपक्यांची पाल, आहे हे कळल्यापासून ओळखीपाळखीतल्या लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘पोरानं हट्टानं पाल आणायला लावली, आता ती खातच नाही. काय देऊ?’ मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेतही एकीनं हे विचारलं, तेव्हा पुढच्या बाई दोन पावलं सरकल्याच.

काय देऊ हा प्रश्न नंतरचा. आधी तिच्या काचेच्या पेटीतली जमीन किती गरम आहे ते सांगा. हवा नव्हे, जमीन. या प्राण्याला अन्न पचवायला पोटाखालून ऊब लागते. पेटीच्या एका बाजूला, तिच्या लपायच्या जागेत, ३२ अंशांच्या आसपास तापमान हवं आणि दुसरी बाजू थंड हवी, म्हणजे तिला हवं तिकडे जाता येतं. ऊब कमी पडली की भूक मरते. त्यातूनही काही खाल्लंच तर ते न पचता उलटून पडतं. इथे थंडीत रात्री घराचं हीटिंग बंद होतं, कुठे पेटीतली ऊब राखणाऱ्या थर्मोस्टॅटची तार जागची हललेली असते, आणि माणसं मात्र दुकानात जाऊन चौथ्या प्रकारचे किडे विकत आणतात. काचेला चिकटवलेल्या गोल तापमापकावर जाऊ नका, तो भिंतीजवळची हवा मोजतो. जमिनीवर रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या.

मग शेपूट बघा. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवते. मूळची ही अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. तिकडे भक्ष्य बारा महिने सारखं मिळत नाही, म्हणून ही सोय. (हिची भावंडं आपल्याकडेही आहेत. सातपुड्यातली जात तर २०१४ साली नवी म्हणून नोंदली गेली. पण रानातली उचलून घरी आणायचा विचारसुद्धा करू नका.) शेपूट मानेइतकी जाड असेल, ऊब बरोबर असेल आणि डोळे टवटवीत असतील, तर मोठ्या गेकोनं काही आठवडे तोंड फिरवलं तरी मी घाबरत नाही. एरवीही ती दोन-तीन दिवसांआडच खाते. आपल्याकडे ताटात पोळी उरली तरी घरभर चौकशी होते. त्या सवयीनं पालीकडे बघू नका. पिल्लांचं मात्र वेगळं. त्यांच्याकडे फारसा साठा नसतो, त्यामुळे पिल्लू काही दिवस उपाशी राहिलं तरी डॉक्टरांना फोन करा.

न खाण्याची साधी कारणं बरीच आहेत. नव्या घरात आलेली गेको आठवडा-दोन आठवडे दबून बसते. तेवढे दिवस तिला हातात घेऊ नका, मुलांनाही घेऊ देऊ नका. अंगावर पांढुरकी झाक आली की कात टाकायची वेळ झाली. तेव्हा भूक मंदावते, आणि टाकलेली कात ती स्वतःच खाऊन टाकते, त्यामुळे पुष्कळांना काय झालं ते कळतच नाही. फक्त डोळ्यांभोवती आणि बोटांवर कात अडकलेली नाही ना ते बघा, कारण दिसलं नाही तर ती शिकार कशी करणार? वीण काळात नरांचं खाण्यावरून लक्ष उडतं. मादी नर नसतानाही अंडी धरू शकते आणि तेव्हा खाणं सोडू शकते.

जबरदस्तीनं तोंड उघडून भरवू नका. रातकिडे रात्रभर पेटीत सोडून ठेवू नका, ते उलट तिलाच चावतात. आणि मेणकिडे, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या चरबीदार अळ्या, हे तिचे लाडू; त्यांची चटक लागली की बाकी काही नको होतं. वाळू घातली असेल तर काढा. दुकानदार ‘कॅल्शियमची आहे, पोटात गेली तरी चालते’ म्हणतात, पण ती आतड्यात अडकून बसू शकते. त्याऐवजी किचन पेपर बरा, दिसायला कितीही गरीब वाटला तरी.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्लास्टिकचा डबा ठेवून दर आठवड्याला वजन घ्या आणि लिहून ठेवा. ते दहा टक्क्यांनी उतरलं, शेपूट काडीसारखी होऊ लागली, उलट्या झाल्या, शी थांबली किंवा जबडा मऊ वाटला, तर थांबायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. काडीसारखी शेपूट क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळेही होते. त्यावर खात्रीचं औषध नाही आणि ते दुसऱ्या गेकोला लागतं, म्हणून दोन असतील तर लगेच वेगळ्या ठेवा. डॉक्टरही सरपटणारे प्राणी तपासणारेच हवेत. कुत्र्यामांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना यातलं ठाऊक असतं असं नाही. जाताना वजनाची वही, पेटीचे फोटो आणि ताज्या शीचा नमुना न्या. अपॉइंटमेंट दुसऱ्या दिवशीची मिळाली तर नमुना बंद डबीत फ्रिजमध्ये ठेवता येतो, पण डबीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरातल्या सगळ्यांना आधी सांगा.