नऊ किलोमीटरांचा दिवस

सांतियागोच्या वाटेवरचा माझा सगळ्यांत लहान दिवस नऊ किलोमीटरांचा झाला. ठरले होते पंचवीस.

फ्रान्सच्या सीमेवरच्या सँ-झाँ-पिए-द-पोरपासून स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलापर्यंतची ही पायवाट जवळजवळ ७८० किलोमीटरांची. तिथल्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, प्रेषित याकोब, याची कबर आहे, ही शेकडो वर्षांची श्रद्धा. त्या श्रद्धेनेच मी निघाले होते, पण पाठपिशवीच्या तळाशी एक दगडही होता. पुढे डोंगरावर क्रुस दे फेरो नावाचा लोखंडी क्रूस आहे. यात्रेकरू आपल्या मनावरचे ओझे म्हणून तिथे दगड ठेवून येतात.

माझे ओझे असे, की बाबा सहा वर्षे अंथरुणाला खिळून होते आणि त्यांचे सगळे मी केले. लोक म्हणायचे, केवढा त्याग केलास. ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. रोज सकाळी बादली घेऊन खोलीत शिरताना माझ्या मनात काय चालायचे, ते एका देवालाच ठाऊक. त्यांचे पाय मी पुसायचे ते घड्याळाकडे बघत.

माझ्यामागे यायचे असेल तर स्वतःला नाकारा आणि दररोज आपला वधस्तंभ उचला, असे येशू म्हणतो. येशूचे चरित्र सांगणाऱ्या मत्तय आणि मार्क यांच्याकडेही हे वचन आहे, पण ‘दररोज’ हा शब्द एकट्या लूकच्या शुभवर्तमानात येतो. त्या शब्दापाशी मी नेहमी अडले. एकदाच काय ते देऊन टाकायचे असते तर दिलेही असते. पण आज दिले तरी उद्या सकाळी बादली पुन्हा भरायची असतेच.

वाटेवरच्या ग्रान्योन गावी चर्चमध्येच यात्रेकरूंची सोय होते. जमिनीवर गाद्या आणि उघडी दानपेटी. जमेल ते ठेवा, लागेल ते घ्या. तिथे माझ्या शेजारच्या गादीवर सत्तरीच्या एक बाई होत्या. पुढे बुर्गोसनंतरच्या पठारावर आमची पुन्हा गाठ पडली. कास्त्रोहेरिस सोडल्यावर मोस्तेलारेसची खडी चढण लागते. ती संपते ना संपते तोच तशीच उभी उतरण. खाली पोचेपर्यंत त्यांची टाच पूर्ण सोलली होती, मोजा रक्ताने चिकटला होता.

“तू हो पुढे,” त्या म्हणाल्या. “मला एकटीची सवय आहे.”

फ्रोमिस्ताला माझी खाट सांगून ठेवलेली होती. मी थांबले, पण मनापासून नाही. त्यांची पिशवी पुढे छातीशी अडकवली आणि दर वळणावर आजचे किती किलोमीटर बुडाले याचा हिशेब करत चालले. बाबांच्या खोलीतली तीच मी, स्पेनमध्येही बरोबर आलेली.

पिसुएर्गा नदीच्या अलीकडे सान निकोलास आहे. तेराव्या शतकातल्या या छोट्या चर्चमध्येच यात्रीनिवास आहे आणि एका इटालियन बंधुसंघाचे स्वयंसेवक तो चालवतात. आत वीज नाही, मेणबत्त्या आहेत. संध्याकाळी त्यांनी आम्हाला वेदीपाशी अर्धगोलात बसवले. खांद्यावर आखूड झूल घातलेला एकजण तांब्या आणि परात घेऊन एकेकापुढे गुडघ्यावर बसू लागला.

माझी पाळी आली तसा मी पाय मागे घेतला. अंगठ्याचे नख काळे पडले होते, बोटांमधली कातडी निघत होती. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला, तेव्हा पेत्रानेही प्रभूला आधी नकोच म्हटले होते. ते विनयाने म्हटले असेल असे मला आजवर वाटायचे. त्या क्षणी कळले, की आपला पाय दुसऱ्याच्या हाती देताना माणूस किती उघडा पडतो. तो काही बोलला नाही, नुसता थांबून राहिला. मग त्याने पाणी ओतले, टॉवेलने बोटांच्या बेचक्या हलकेच टिपल्या आणि वाकून पावलाचे चुंबन घेतले.

मी रडले ते बाबांसाठी. सहा वर्षे रोज सकाळी ते हेच सोसत होते, पोटच्या मुलीपुढे असे उघडे होऊन. देणारी मी एकटीच आहे असे मी धरून चालले होते.

सकाळी लवकर उठले तर तोच माणूस न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले केस बोटांनी काढत होता. झूल खुंटीला होती. संध्याकाळी नवे यात्रेकरू येणार, पुन्हा परात निघणार. मला त्याच्या चुंबनापेक्षा ती जाळीच जास्त आठवते. लूकचा तो शब्द माझ्यापुढे उकिडवा बसलेला होता.

क्रुस दे फेरोला काही विशेष घडले नाही. ओकाच्या उंच खांबावर छोटासा क्रूस, पायथ्याशी दगडांचा ढीग आणि बोचरा वारा. माझा दगड ठेवला आणि निघाले. घडायचे ते नदीकाठी घडून गेले होते.

पस्तीस दिवसांची योजना त्रेचाळीसवर गेली, कारण पुढची सगळी वाट आम्ही दोघी बाईंच्या चालीने चाललो. सांतियागोला वेदीखालच्या तळघरात, चांदीच्या पेटीपुढे उभी राहिले तेव्हा मार्कातला दहावा अध्याय मनात होता. हाच याकोब भावाला घेऊन येशूकडे गेला होता, तुझ्या वैभवात आम्हाला उजवी-डावीकडे बसव म्हणून. येशूने विचारले, माझा दुःखाचा प्याला तुमच्याने पिववेल काय? दोघे म्हणाले, पिववेल. प्रेषितांमध्ये पहिले रक्त सांडले ते याकोबाचे, हेरोद राजाच्या तलवारीने. मागितले सिंहासन आणि हाती आला प्याला, त्या माणसाच्या कबरीशी आम्ही सगळे चालत आलो होतो. मला काही मागावेसेच वाटले नाही.

रात्री मुक्कामावर बाई खालच्या खाटेवर बसून मोजा सोडवत होत्या. टाच भरत आली होती, तरी पट्टी चिकटलेली. मी कोमट पाणी आणले, घड्याळ काढून उशाखाली ठेवले आणि खाली बसले. त्यांनी पाय मागे घेतला. मी थांबून राहिले.