लिंकन सोडून स्टीफन्स का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो: "फुल्यांमुळे तुम्ही अमेरिकेच्या यादवीकडे वळलात, हे समजलं. पण लिंकन सोडून त्या अलेक्झांडर स्टीफन्सचं चरित्र काय वाचत बसता? तो तर गुलामगिरीच्या बाजूचा!"

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. ती अर्पणपत्रिका वाचली आणि मनात आलं, हे लोक कोणाशी लढले? समोरचा माणूस स्वतःच्या तोंडाने काय म्हणत होता? तिथे मला स्टीफन्स भेटला.

जॉर्जियाचा वकील. वजन जेमतेम ४५ किलो, जन्मभर आजारी, अविवाहित. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, तो आणि लिंकन एकाच व्हिग पक्षात होते. नोव्हेंबर १८६० मध्ये त्याने जॉर्जियाच्या विधिमंडळाला बजावलं, अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघू नका. डिसेंबरात लिंकनने त्याला लिहिलं: तुम्हाला गुलामगिरी योग्य वाटते आणि ती वाढावी असं वाटतं, आम्हाला ती चूक वाटते आणि तिला आवर घालावा असं वाटतं. खरा तिढा एवढाच. पुढे जॉर्जियाच्या अधिवेशनात स्टीफन्सने फुटण्याविरुद्ध मत दिलं, ठराव झाल्यावर मात्र त्यावर सही केली, आणि फेब्रुवारी १८६१ मध्ये तो फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या नव्या सरकारचा उपाध्यक्ष झाला.

२१ मार्चला जॉर्जियातल्या सव्हाना शहरातल्या सभेत त्याने सांगून टाकलं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, दास्य हीच त्याची नैसर्गिक अवस्था, आणि या तत्त्वावरच आमच्या सरकारची कोनशिला आहे. 'ते युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होतं' असं कोणी म्हणालं की मी हे भाषण पुढे ठेवते.

युद्धात त्याचं आणि अध्यक्ष जेफरसन डेव्हिसचं पटेना. सक्तीची सैन्यभरती त्याला मान्य नव्हती. माणसाला चौकशीविना डांबून ठेवण्याची सरकारला मुभा मिळाली, तीही नव्हती. राजधानी रिचमंड सोडून तो महिनोन्‌महिने क्रॉफर्डव्हिलच्या घरी राही. घराचं नाव 'लिबर्टी हॉल'. मार्च १८६४ मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळापुढे तो नागरिकाच्या स्वातंत्र्यासाठी डेव्हिसविरुद्ध तासन्‌तास बोलला. अगदी मनापासून बोलला, यात मला शंका नाही. आणि तीसेक माणसं त्याच्या मालकीची होती! या जागी मी दरवेळी पुस्तक मिटते. स्वातंत्र्याची इतकी बारीक जाण असलेल्या माणसाला आपल्याच अंगणातला माणूस दिसू नये, हे मला आजही पचत नाही, आणि त्याला वाचत राहण्याचं कारणही तेच आहे.

३ फेब्रुवारी १८६५ला व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर हॅम्प्टन रोड्सला 'रिव्हर क्वीन' बोटीवर तो तहाची बोलणी करायला गेला. समोर लिंकन. स्टीफन्सने अंगावरचे कोट-मफलर एकेक करून उतरवले, तसं लिंकन म्हणाला म्हणे, एवढ्याशा कणसावर केवढी ही पानं! तह झाला नाही. पण स्टीफन्सचा पुतण्या उत्तरेच्या कैदेत होता, त्याला लिंकनने सोडवून घरी पाठवलं.

मे महिन्यात स्टीफन्स पकडला गेला. बॉस्टनच्या बंदरातल्या फोर्ट वॉरनमध्ये पाच महिने काढून तो सुटला. पुढे दोन जाड खंड लिहून त्याने मांडलं की युद्ध राज्यघटनेच्या तत्त्वांवरून झालं, गुलामगिरी केवळ निमित्त होती. त्याचंच सव्हानाचं भाषण त्याच्याविरुद्ध साक्ष देतं.

जोतीरावांचं पुस्तक आलं त्याच १८७३ साली तो काँग्रेसमध्ये परतला. जानेवारी १८७४ मध्ये काळ्या नागरिकांना समान हक्क देणाऱ्या विधेयकाविरुद्ध बोलला. दुसऱ्या दिवशी साउथ कॅरोलिनाचे रॉबर्ट ब्राऊन एलियट उत्तर द्यायला उभे राहिले. ते स्वतः काळे होते. त्यांनी भर सभागृहात सांगितलं, याच गृहस्थांनी बारा वर्षांपूर्वी माणसाच्या दास्यावर उभ्या असलेल्या सरकारचा जन्म जगाला जाहीर केला होता. कोनशिला हाच शब्द त्यांनी वापरला.