येतो आणि येतात

मुद्रितशोधनाबरोबरच अलीकडे माझ्याकडे मजकूर संवेदनशीलतेच्या दृष्टीने तपासण्याचे कामही येते. काम देणारे सोबत बहुधा एक तक्ता धाडतात: ‘महारोगी’ऐवजी ‘कुष्ठरुग्ण’, ‘अपंग’ऐवजी ‘दिव्यांग’ (हा शब्द अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांनाच मान्य नाही, ती गोष्ट वेगळी). तक्ता उपयोगी असतो, पण त्यात केवळ नामे असतात आणि मराठीत माणसाची पायरी बऱ्याचदा ठरते ती क्रियापदाने.

गेल्या महिन्यात पहिली-दुसरीच्या मुलांसाठी लिहिलेल्या एका वाचनपुस्तिकेत या ओळी होत्या: ‘कचरेवाला येतो. आई त्याला कचरा देते. डॉक्टर येतात. ते आजोबांना तपासतात.’ तक्त्यातला एकही शब्द इथे नाही. मी ‘येतो’भोवती गोल करून समासात प्रश्नचिन्ह काढले, तेव्हा लेखिकेचे उत्तर आले, “घरी आपण असेच तर बोलतो!” ते अगदी खरे आहे आणि अडचणही तीच आहे, कारण सहा वर्षांचे मूल अक्षरे जुळवता जुळवता कोणाला ‘तो’ म्हणायचे आणि कोणाला ‘ते’, हेही शिकत असते. मात्र सरसकट आदरार्थी रूप करूनही भागत नाही. ‘कचरेवाले येतात’ असे लिहिले की पाच-सहा जण एकदम दारात उभे राहिल्यासारखे वाटते. शिवाय पुस्तिका पुण्यातली. तिथे १९९३ पासून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना आहे आणि या कामात स्त्रियाच बहुसंख्य आहेत, त्यामुळे तो ‘तो’ वस्तुस्थितीलाही धरून नव्हता. बरीच पत्रापत्री होऊन शेवटी ‘सुमनताई येतात. आई त्यांना ओला आणि सुका कचरा वेगवेगळा देते’ असे ठरले.

तक्त्यातून निसटणारा दुसरा शब्द ‘भामटा’. फसवणुकीच्या बातमीत ‘भामट्याने गंडा घातला’ हे वाक्य हातून आपोआप उतरते. पण भामटा हे एका समाजाचे नाव आहे. अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या, १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याची परंपरा १९५२ मध्ये संपली, तरी राज्याच्या विमुक्त (म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या) जातींच्या यादीतल्या चौदा नावांत ‘भामटा’ आणि ‘राजपूत भामटा’ ही दोन नावे आजही आहेत. त्या समाजातल्या मुलीच्या जातीच्या दाखल्यावर जो शब्द असतो, तोच तिने रोज चोरीच्या मथळ्यात वाचायचा. हा शब्द मी आता विचारायलाही न थांबता बदलते. ‘फसवणूक करणारा’ लांबलचक आहे, पण चालतो.

न विचारता बदलण्याची ही सवय एकदा मलाच भोवली. २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना ‘दलित’ शब्द टाळण्याची सूचना केली, त्यानंतर तो काही तक्त्यांत जाऊन बसला होता. एका आत्मपर लेखात मी तो सहा ठिकाणी खोडून ‘अनुसूचित जातीतील’ असे केले. लेखकांचा फोन आला. आवाज न चढवता ते म्हणाले, “बाई, आमच्या पँथरने १९७२ साली हा शब्द अभिमानाने लावला, तो तुम्ही मला न विचारता काढलात. अनुसूचित मी सरकारी अर्जात असतो.” सहाही दुरुस्त्या मी त्याच दुपारी मागे घेतल्या. तेव्हापासून लेखकाने स्वतःविषयी वापरलेल्या शब्दाला मी हात लावत नाही. फार तर समासात विचारते.

पुस्तिकेची दुसरी मुद्रिते काल आली. सुमनताई येतात, आई त्यांना कचरा वेगवेगळा देते, सगळे ठरल्याप्रमाणे आहे. वरच्या चित्रात मात्र अजूनही मिशीवाला माणूस डबा घेऊन उभा आहे. ते पान चित्रकारांकडे परत गेले आहे.