तुम्ही विचारलंत म्हणून: पुरुषांचा वृंद, आणि गाणी एवढी हळवी?

आमच्या गायकवृंदात सगळे पुरुष आहेत, आणि यंदाच्या कार्यक्रमात गाणी होती भीतीची, एकटेपणाची, बापाशी राहून गेलेल्या बोलण्याची. तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो आहे: इतके भरदार आवाज हाताशी असताना जोशातलं काही गायचं सोडून हे हळवं कशाला?

आधी तालमीतलं सांगतो. मोठ्याने गाणं सोपं असतं. सगळ्यांनी एकदम आवाज चढवला की एखाद्याचा सूर उतरलेला असला तरी खपून जातो. तेच गाणं हलक्या आवाजात घेतलं की प्रत्येकाचा दमसास उघडा पडतो. वरचे सूर अलगद लावायचे तर टेनरला, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषाला, छातीतला आवाज सोडून फॉल्सेटोत जावं लागतं. त्यात स्वरतंतूंच्या फक्त पातळ कडा कंप पावतात आणि आवाज बारीक, मोकळा होतो. नवे गायक नेमके इथे अडतात. सूर त्यांच्या आवाक्यात असतो, पण तो ‘बायकी’ वाटेल याची धास्ती असते. मग मान ताठ करून तोच सूर छातीतून रेटत राहतात आणि घसा बसवून घेतात. पुरुषपणाचा विषय आमच्या तालमीत असा पहिल्या दिवसापासून ठाण मांडून असतो. या वेळी आम्ही तो मंचावर आणला, इतकंच.

दुसरी गोष्टही शरीराचीच. रडू येतं तेव्हा जास्त हवा आत यावी म्हणून स्वरयंत्राची फट उघडी राहू पाहते, आणि गिळताना तर ती मिटावी लागते. या ओढाताणीमुळे घशात गोळा आल्यासारखं वाटतं. गाण्यासाठीही तीच फट आणि तेच स्नायू लागतात. म्हणजे रडू आवरत गायचं तर ज्यांच्या जोरावर सूर लावायचा, त्यांच्याशीच झगडावं लागतं. एकटा गायक अशा वेळी थांबला तर गाणं थांबतं. वृंदात तसं होत नाही. लांबलेला सूर धरताना आम्ही सगळे एका वेळी श्वास घेत नाही. शेजारी गात असताना आपण श्वास घ्यायचा आणि पुन्हा हलकेच त्याच सुरात शिरायचं, ही रोजची शिस्त. बापावरच्या गाण्यात आमच्या खर्जातला एक जण मध्येच गप्प झाला. शेजारच्यांनी ते ओळखलं, खर्ज धरून ठेवला, आणि पुढच्या कडव्याला तो परत आला. श्रोत्यांना बहुतेक कळलंही नसेल. मला विचाराल तर त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं गाणं ते होतं. पुरुषाने कोलमडायचं तर दार लावून, अशीच आपली समजूत असते. इथे तो चारचौघांत गप्प होऊ शकला आणि कुणाचं काही अडलं नाही.

ही नवी टूम आहे, असंही काहींनी सुचवलं. तसं नाही. इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या मेंढपाळांच्या ‘कांतू आ तेनोरे’ परंपरेत चार पुरुष अगदी जवळजवळ, वर्तुळ करून, एकमेकांकडे तोंड करून गातात. दक्षिण आफ्रिकेत घरापासून दूर खाणी-कारखान्यांत राबायला आलेल्या झुलू पुरुषांची ‘इसिकाथामिया’ शैली तर चवड्यांवरच्या हलक्या पावलांची आणि मऊ आवाजाची. आणि २७ नोव्हेंबर १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि उघडपणे समलिंगी असलेले नगर-प्रतिनिधी हार्वी मिल्क यांची हत्या झाली, त्याच रात्री सॅन फ्रान्सिस्को गे मेन्स कोरस हा समलिंगी पुरुषांचा वृंद सिटी हॉलच्या पायऱ्यांवर उभा राहून जर्मन संगीतकार मेंडेल्सोनची रचना गायला. तालमी सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. लोकांसमोर ते पहिल्यांदा गायले ते असे, शोकसभेत.

मला खटकतं ते निवेदन. दोन गाण्यांच्या मध्ये कुणीतरी येऊन ‘पुरुषांनीही रडायला हवं’ असं बजावतं, तेव्हा न रडण्याच्या सक्तीच्या जागी रडण्याची सक्ती येते. आम्ही निवेदन काढून टाकलं आणि एक रणगीत मुद्दाम ठेवलं, पूर्ण ताकदीने गायलेलं. जोश खोटा असतो असं मी कधीच म्हणणार नाही. त्याच गळ्यांतून पुढचं गाणं कुजबुजल्यासारखं आलं तेव्हा मला दोन्ही गाणी जास्त खरी वाटली.

मुलाला आणू का, असंही विचारलंत. जरूर आणा, त्याचा आवाज फुटत असेल तर नक्कीच. त्या वयात स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो, आणि मधल्या काळात कुठेही घसरतो. बरोबरीची मुलं हसतात. मोठी माणसं ‘आता थोडे दिवस गाऊ नकोस’ म्हणतात, आणि ते थोडे दिवस कितीतरी मुलग्यांच्या बाबतीत कधी संपतच नाहीत. खरं तर घसा न ताणता, सोयीच्या पाच-सहा सुरांत तो गात राहू शकतो. पुढच्या कार्यक्रमासाठी तेवढ्याच सुरांत बसेल असा एक भाग मी अशा मुलांसाठी लिहितो आहे. तालमीला घेऊन या, त्याचे कुठले सूर सहज लागतात ते ऐकून मी त्याप्रमाणे बदल करीन.