चियांग रायचे कॅफे: आधी दिशा, मग घड्याळ, फोटो सगळ्यात शेवटी

मराठवाड्यातून थायलंडला जाणारी मंडळी बहुधा बँकॉक-पट्टाया उरकून परत फिरतात. जे उत्तरेला चियांग रायपर्यंत जातात, त्यांच्या मोबाइलमध्ये निघण्याआधीच कॅफेंचे रील भरलेले असतात. तिथे पोचल्यावर मात्र यादीतले निम्मेही होत नाहीत. गाव लहान आहे, लोकसंख्येने साधारण आपल्या हिंगोलीएवढं. पण कॅफे गावात थोडे आणि गावाबाहेर जास्त. एक उत्तरेला चहाच्या मळ्यात, दुसरा नैर्ऋत्येला डोंगरावर, तिसरा भाताच्या शेतात. नकाशावर जवळजवळ दिसणाऱ्या दोन खुणांमध्ये दीड तासाचा घाट असतो.

एवढे कॅफे तिथे का, हे कळलं की निवड सोपी होते. चियांग राय हा कॉफी पिकवणारा प्रांत आहे. सीमेलगतच्या डोंगरांत पूर्वी अफू व्हायची. तिच्या जागी अरेबिका कॉफी आणि मॅकाडेमिया नावाचा सुका मेवा आला. दोई तुंगचा विकास प्रकल्प राजमातेच्या पुढाकाराने १९८८ मध्ये सुरू झाला. दोई चांगच्या उतारांवर आखा आणि लिसू या डोंगरी जमातींच्या बागा आहेत. या दोन्ही डोंगरांच्या कॉफीला २०१५ मध्ये युरोपीय संघात भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे कॉफीसाठी जायचं असेल तर इथे माल घरचा आहे. फक्त तो सगळ्याच कॅफेंत नीट वापरला जात नाही.

आता दिशा. दिवसाला एकच धरायची. उत्तरेला महामार्ग क्रमांक १ वर कोक नदी ओलांडली की निळं मंदिर, पुढे चित्रकार थवान दुचनी यांचं काळं घर, मग मे चानच्या बाजूला चुई फोंग चहामळा आणि त्याहून वर दोई तुंग. दक्षिणेला त्याच महामार्गावर गावापासून तेरा-एक किलोमीटरवर पांढरं मंदिर, त्याच्या जवळच सिंघा पार्क. दोई चांगही याच अंगाला, पण तो स्वतंत्र दिवस मागतो. काळं घर आणि चुई फोंग एका दिवसात आरामात होतात. चुई फोंग आणि दोई चांग एका दिवसात करायला गेलात तर दिवसभर गाडीतच बसाल.

कसं जायचं हे कॅफे ठरवण्याआधी ठरवा. गावात ग्रॅब, म्हणजे ॲपवरून बोलवायची टॅक्सी, मिळते आणि गावाबाहेर जायलाही मिळते. अडचण परतीला येते. मळ्यातल्या कॅफेत संध्याकाळी पाच वाजता ॲप उघडलं की आसपास एकही गाडी दिसत नाही, कारण ड्रायव्हर सगळे गावात असतात. म्हणून जाणाऱ्याच ड्रायव्हरशी थांबण्याचा दर ठरवावा, नाहीतर दिवसभराची गाडी करावी. आठ-दहा जणांचं कुटुंब असेल तर व्हॅनच परवडते. आणि आपल्याकडचे लोक सहसा कुटुंबकबिल्यानेच निघतात.

स्कूटर दिवसाला साधारण २०० ते ३०० बाट भाड्याने मिळते, वाहतूकही आपल्यासारखी डावीकडून. पण आंतरराष्ट्रीय परवाना हवाच. तो आपल्या आरटीओतून निघतो, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. त्यावर दुचाकीचा शिक्का आहे की नाही हे खिडकीवरच बघून घ्या. फक्त चारचाकीचा असला आणि स्कूटरवरून पडलात, तर दंड तर होतोच, शिवाय प्रवासविमाही हात वर करतो.

दोई चांगला मात्र ११० किंवा १२५ सीसीच्या गिअर नसलेल्या गाडीवर डबलसीट जाऊ नये. चढताना दम लागतो तो लागतोच, खरा धोका उतरताना आहे. वेग अगदी कमी झाला की अशा गाडीचा क्लच सुटतो, इंजिनचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि मग लागेनासा होतो. जायचंच असेल तर एकट्याने जा. उतारावर थ्रॉटल किंचित उघडून क्लच धरता ठेवा, पुढचा-मागचा ब्रेक थोडा थोडा दाबून सोडत राहा, आणि जळका वास आला की थांबून गाडी गार होऊ द्या.

दिशा ठरली की घड्याळ. आपल्याकडे हॉटेल म्हणजे रात्री दहापर्यंत चहा, ही सवय तिथे उपयोगाची नाही. चांगली कॉफी देणारी गावातली दुकानं सकाळी आठच्या सुमारास उघडतात आणि चार-पाचला शटर ओढतात. बागेतले कॅफे फार तर सहापर्यंत. बरेच जण आठवड्यात एक दिवस बंद असतात, आणि तो रविवार नसतो, मधलाच एखादा असतो. नकाशावरच्या वेळेवर विसंबू नका. दुकानाचं फेसबुक पान उघडा, तिथली सगळ्यात ताजी पोस्ट भाषांतर करून वाचा. सुट्टी असेल तर तिथे आदल्या दिवशी लिहिलेलं असतं. शनिवार-रविवारी दहा ते दोनच्या दरम्यान थाई कुटुंबं गाड्या घेऊन येतात आणि बसायला जागा उरत नाही. साडेआठ-नऊला पोचलात तर ऊनही कोवळं असतं आणि मशीनमागचा माणूस तुमच्याशी दोन शब्द बोलण्याच्या मनःस्थितीत असतो.

ऋतूची गोष्ट रीलमध्ये कोणी सांगत नाही. भातशेतात बांबूचा पूल टाकलेले कॅफे जुलै-ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत हिरवेगार, नोव्हेंबरात पिवळे, आणि कापणी झाली की पुलाखाली नुसती धसकटं. डिसेंबरात हिरव्या फोटोंवर भुलून जाणारे चिडतात, पण दोष शेताचा नाही. डोंगरावरच्या कॅफेंचं उलटं: पावसाळ्यात ढगाखेरीज काही दिसत नाही, नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. तेव्हाच कॉफीची तोडणीही चालू असते आणि दोई चांगला वाळत घातलेले दाणे बघायला मिळतात. स्वेटर न्या, वर पहाटे चांगलंच गारठतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगल जाळल्याचा धूर दाटतो. त्या दिवसांत व्ह्यूसाठी पैसे मोडू नका, गावातली भाजणीची, म्हणजे कॉफीचे दाणे स्वतः भाजणारी, दुकानं करा. म्हणजे दिवाळीची सुट्टी सगळ्यात सोयीची. शाळेच्या सुट्ट्यांमुळे मेमध्येच जमत असेल तर महिन्याच्या उत्तरार्धात जा; पहिल्या पावसाने तोवर बहुधा धूर बसवलेला असतो. कोक नदीकाठचे कॅफे सावलीचे आणि निवांत. ‘चिवित थम्मा दा’ हे त्यातलं नावाजलेलं. मात्र सप्टेंबर २०२४ च्या महापुरात या नदीने गावात शिरून बरंच नुकसान केलं. त्यामुळे नदीकाठच्या कोणत्याही जागेचे त्यानंतरचेच फोटो बघा.

आता फोटो. नकाशावर दुकानाचे फोटो ताज्या तारखेनुसार लावा आणि त्यात काय दिसतं ते मोजा. सगळे फोटो झोपाळ्याचे, पंखांच्या भिंतीचे आणि पोशाखांचे असतील तर कॉफी तिथे तोंडी लावण्यापुरती आहे. त्यात वाईट काही नाही, पोरं रमतात. फक्त तिथे १५० बाटची ड्रिप, म्हणजे गाळणीतून हाताने उतरवलेली कॉफी, मागवू नका, बर्फाचा थाई चहा घ्या. उलट फोटोंत ग्राइंडर, वजनकाटा, फळ्यावर डोंगराचं नाव आणि ‘वॉश्ड’, ‘हनी’, ‘नॅचरल’ असे दाणे वाळवण्या-धुण्याच्या पद्धतीचे शब्द दिसले, पाकिटावर भाजल्याची तारीख दिसली, तर दुकान कितीही कळकट असो, जा. शोधताना इंग्रजीत ‘कॅफे’ टाकलं की पर्यटकांचीच दुकानं वर येतात. भाषांतराच्या ॲपमधून ‘कॉफी भाजणी’ थाई लिपीत करून नकाशात चिकटवा, वेगळीच यादी निघते.

मागवताना आपल्या लोकांची गल्लत होते ती गोडीत. आपल्याला गोड चहाची सवय आहे, तरी तिथलं ‘एस येन’, म्हणजे कंडेन्स्ड मिल्क घातलेली बर्फाची एस्प्रेसो, दोन घोटांत तोंड गोड-गोड करून टाकते. बर्फ वितळून चव पातळ होणार म्हणून गोडी आधीच चढी धरलेली असते. ‘वान नॉय’ म्हणा, गोडी कमी करतात. ‘माय वान’ म्हटलं की साखर घालत नाहीत. पण थाई चहात कंडेन्स्ड मिल्क जातंच, त्यामुळे तो पूर्ण अगोड मिळेलच असं नाही.

‘डर्टी’ नावाचा प्रकार मात्र जरूर घ्या. फ्रीजमध्ये गार केलेल्या छोट्या ग्लासात थंड दूध, बर्फ नाही, वरून गरम एस्प्रेसोची धार. कॉफी वर तरंगते आणि तपकिरी रेघा हळूहळू खाली उतरू लागतात. चमचा मागायचा नाही. ढवळलं की कोमट दूध-कॉफी उरते. ग्लास समोर आल्या आल्या तीन-चार घोटांत संपवायचा, आधी कडू-गरम, मग गार-गोडसर. फोटोसाठी पाच मिनिटं थांबलात तर मजा गेली.

शाकाहारी लोकांनी कॅफेत जेवणाच्या भानगडीत शक्यतो पडू नये. फ्राइड राइसमध्ये भाज्याच दिसल्या तरी फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस असतोच. ब्रेडवरचं हिरवं कस्टर्ड अंड्याचं, केकही अंड्याचे. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरं दिसली तर ते ‘जे’ जेवण: मांस, मासे, अंडी, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. हे ‘जे’ पाळणाऱ्यांचा नऊ दिवसांचा उत्सव सप्टेंबर-ऑक्टोबरात असतो, बऱ्याच वर्षी ऐन आपल्या नवरात्रात. तेव्हा अशा पाट्या गल्लोगल्ली लागतात.

पैशांचं: साधी बर्फाची कॉफी ४० ते ६० बाट, सजवलेल्या कॅफेत ८० ते १२०, ड्रिप त्याहून जास्त. बाट अडीच ते तीन रुपयांच्या मध्ये धरा. यूपीआयच्या भरवशावर राहू नका. दुकानातला क्यूआर तिथल्या बँकांचा असतो, डोंगरावर कार्डही चालेलच असं नाही. २०, ५० आणि १०० च्या नोटा जवळ असू द्या. व्ह्यूच्या कॅफेत माणशी एक पेय घेण्याचा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, आणि बाहेरचं खाणं चालत नाही. दहा जणांत तीन कॉफ्या वाटून घेणं तिथे खपत नाही, आणि पिशवीतल्या दशम्या-चटणी काढायच्या तर गाडीत बसून. दारात चपला दिसल्या तर आपल्याही काढा.

दाणे घरी आणायचे असतील तर भाजणीच्या दुकानातूनच घ्या, दोनशे-अडीचशे ग्रॅमचं, आतली हवा बाहेर सोडणारी छोटी झडप असलेलं पाकीट. भाजून आठवडा-दहा दिवस झाले की चव बसते, त्यामुळे परतीच्या दिवशी घेतलेलं पाकीट घरी पोचून फोडायच्या बेताला येतं. स्टीलच्या फिल्टरसाठी दळून मागत असाल तर मिडियम भाजणीचं घ्या आणि दळण एस्प्रेसोपेक्षा थोडं जाड सांगा. फार बारीक केलं तर भांड्याची भोकं बुजतात आणि डिकॉक्शन उतरायला तास लागतो.