डिस्क ब्रेकचे पॅड आज घरीच बदलले

परवा करूळ घाट उतरताना पुढच्या चाकातून किर्रर्र आवाज यायला लागला. तेव्हाच ठरवलं, आता हे काम झाल्याशिवाय गाडीत माल भरायचा नाही.

सकाळी उद्यमनगरातून पॅडचा सेट आणला आणि दारातच पिकअप जॅकवर घेतली. मागच्या चाकांना दगड, चेसीखाली स्टँड. नुसत्या जॅकवर विसंबून हात आत घालायचा नाही, हे आबांनी पहिल्यापासून बजावलंय.

डावीकडचा बाहेरचा पॅड बरा होता, आतल्याचा मात्र नुसता पत्रा उरलेला! कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागाची, खालची पिन गंजून अडकली होती. ती घासून, ब्रेकचं ग्रीस लावून बोटानं सरकेपर्यंत मी तिथून उठलो नाही. नुसते पॅड बदलले असते तर नवेही तसेच झिजले असते.

पॅड दाबणारा पिस्टन क्लॅम्पनं मागं रेटला की ब्रेक ऑइल डबीत वर चढतं, म्हणून आबा डबीवर नजर ठेवून होते. "थांब, काठाला आलं!"

दोन्ही बाजू व्हायला दुपार झाली. पहिल्यांदा पेडल पार तळाला गेलं, चार-पाचदा दाबल्यावर घट्ट झालं. मग रिकामी गाडी हळूहळू रंकाळ्यापर्यंत नेऊन आणली. शेजारी आबा, काच खाली करून चाकाचा आवाज ऐकत बसलेले.