फोटोग्राफरची सही आणा!

बाबा भुसावळला रेल्वेत पुलांच्या कामावर होते. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रिचमंडला आले, तेव्हा जेम्स नदीतले ते बिनापुलाचे दगडी खांब बघून तिथेच थबकले.

"हा पूल कशाने गेला रे?"

आगीने, म्हटलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1865 च्या एप्रिलमध्ये, 2 आणि 3 तारखेच्या मधल्या रात्री, दक्षिणेचं सैन्य शहर सोडून पळालं आणि जाताना पूल पेटवून गेलं. रिचमंड-पीटर्सबर्ग रेल्वेचा हा त्यातलाच. त्याच महिन्यात अलेक्झांडर गार्डनर या फोटोग्राफरने त्याचा फोटो काढला. झालं! बाबांना तो फोटो भुसावळच्या भिंतीवर हवा होता.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या साइटवर तो दहा मिनिटांत सापडला. फुकट. खरा छळ पुढे, फोटो छापून देणाऱ्या दुकानात.

काउंटरवरच्या पोराने पेनड्राइव्ह लावला, फोटो बघितला आणि म्हणाला, हा प्रोफेशनल फोटो आहे, कॉपीराइटवाल्याची सही लागेल. म्हटलं, 1865 चा आहे. म्हणाला, फोटोग्राफरची सही असलेला फॉर्म आणा. गार्डनर 1882 मध्ये वारला, हेही सांगितलं. त्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "मग वारसांची आणा." दुसऱ्या दिवशी गेलो तर बाई वेगळी, फॉर्म तोच. मी मोबाइलवर साइट उघडून दाखवली, 'नो नोन रिस्ट्रिक्शन्स ऑन पब्लिकेशन', म्हणजे छापायला कसलंही ज्ञात बंधन नाही, असं स्पष्ट लिहिलेलं. मोबाइल चालत नाही म्हणे, कागद हवा. इथे माझा आवाज चढला, हे कबूल करतो. बाबा शांत. "आपल्याकडच्या साहेबांसारखेच आहेत की," म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले. त्यांचं विमान रविवारी होतं आणि हा शुक्रवार.

शनिवारी ते हक्कांचं पान छापून, ती ओळ पिवळी करून नेलं. मॅनेजरने कागद उलटासुलटा बघितला, फॉर्मला स्टेपल केला, आणि फॉर्मवर सही केली कोणी? मीच! म्हणजे तीन दिवस जी सही अडली होती, ती माझीही चालत होती.

तर तुम्हाला असं काही छापायचं असेल, तर ते पान आधीच बरोबर न्या. आणि हो, डाउनलोड करताना छोटी जेपेग घेऊ नका, मी आधी तीच घेतली होती. सगळ्यात मोठी टिफ फाइल घ्या. एकाच दृश्याचे दोन जवळजवळ सारखे फोटो शेजारी दिसले तर गोंधळू नका, ती त्रिमितीसाठी काढलेली जोडी असते, एक पुरतो. दुकानदाराला 'ऑटो करेक्शन नको' हेही बजावा. काचेच्या निगेटिव्हचे ओरखडे मला हवे होते.

घरी आल्यावर बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो नाकाजवळ धरला. "वरचं लाकूड गेलं, दगडाला काही झालं नाही बघ," म्हणाले, आणि बोट ठेवत एकेक खांब मोजू लागले. मधेच आकडा चुकला, तर पुन्हा पहिल्यापासून.